दोस्ताच्या पाठीमागचं शेत

आमच्या मानपाड्यात चेहऱ्यांना तोटा नाही. डोंबिवली स्टेशनाकडून मानपाडा रोडनं निघा आणि कल्याण-शीळ रस्त्याला येऊन लागा, मधल्या खांबाखांबाला एकेक चेहरा टांगलेला दिसेल. कुणाचा वाढदिवस, कुणाची नेमणूक, कुणाच्या पोराची हळद, नाहीतर भावपूर्ण श्रद्धांजली. यातली निम्मी माणसं माझ्या ओळखीची, पण फ्लेक्सवर ओळखायची तर खालचं नाव वाचावं लागतं. सगळ्यांची कातडी सारखीच गुळगुळीत, सगळे गोरे. ज्यानं उभ्या जन्मात उन्हाशिवाय तोंडाला काही लावलं नाही तोही मेल्यावर पावडर चोपडल्यासारखा दिसतो. हे कुणी फसवायला करत नाही. दुकानातला पोरगा एक बटण दाबतो, सुरकुत्या जातात, घरची माणसं म्हणतात, छान आला. खोटं कुणीच बोललेलं नसतं, आणि खांबावर माणूस मात्र दुसराच लटकत असतो.

माणसाचं चित्र खरं कधी म्हणायचं, हा विचार मी एरवी केला नसता. भातशेतीवाल्याला असले विचार करायला वेळ नसतो आणि वेळ असला तर झोप येते. पण माझ्या एका दोस्ताचं चित्र माझ्या पुतणीनं काढलं, आणि ते काढताना आम्हा दोघा म्हाताऱ्यांचं जे भांडण झालं, ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

दोस्त माझ्यापेक्षा सहा महिन्यांनी लहान. एकाच बाकावर बसून आम्ही दहावी केली. त्याच्या लावणीला मी, माझ्या लावणीला तो, असं तीस वर्षं चाललं. राब भाजायचा तर दोघं मिळून, आवण काढायचं तर दोघांच्या घरच्या बाया मिळून. त्याचं शेत ३८ गुंठे, एका तुकड्यात, पाण्याला चांगलं. आमच्याकडं जया-रत्ना ही भातं आली तेव्हा त्याच्या बापानं गावात पहिली पेरली होती. दिवाळीच्या आसपास भात निघालं की त्याच ओलीवर वाल. थंडीत तिथंच पोपटी लागायची. २००६ साली ते शेत गेलं. गेलं म्हंजे कुणी लुबाडलं नाही. त्यानं आणि त्याच्या दोन भावांनी विचार करून, कागद वाचून, सह्या करून दिलं. पैसा आला, दोन पोरींची लग्नं झाली, घर झालं, पोराचा धंदा उभा राहिला. तिथं आता सात मजल्यांच्या चार इमारती आहेत. माझे ११ गुंठे उरलेत, दोन कंपाउंडांच्या मधे. मी अजून लावतो. लोक विचारतात, परवडतं का? नाही परवडत.

पुतणी मुंबईला चित्रकलेच्या कॉलेजात शिकली. कागद-रंग ती फारसे वापरत नाही. तिच्याकडं पाटीसारखा एक सपाट पडदा आहे आणि एक पेन. पेन जोरात दाबलं की रेघ जाड, हलकं धरलं की बारीक. रंग सांडत नाहीत, वाळायची वाट बघावी लागत नाही, चुकलं तर एक पाऊल मागं जाता येतं. मला आधी वाटलं, ही फोटोवर फोटो चढवणारी फ्लेक्सवाल्यांचीच जात असेल. तसं नाही. ती कोऱ्या पडद्यावर सुरुवात करते आणि एकेक फटकारा हातानं मारते. हात माणसाचाच, भांडं तेवढं नवं.

दोस्ताच्या पोरानं ठरवलं की बाबांचं मोठं चित्र हॉलमध्ये लावायचं, आणि ते अगदी हुबेहूब पाहिजे. त्यानं मोबाईलवर काढलेला फोटो तिला पाठवला. तिनं त्यावरून कच्चं चित्र करून आणलं. दोस्तानं चष्मा लावला, बघितलं आणि म्हणाला, "बाय, यो मी नाय. यो माजा मेवना दिसतंय."

आम्ही हसलो, पण त्याचं खरं होतं. केस न् केस जागेवर होता, तरी तो नव्हता. पुतणीनंच कारण सांगितलं. मोबाईल हातभर अंतरावर धरून फोटो काढला की जे पुढं आहे ते मोठं होतं आणि जे मागं आहे ते आखडतं. नाक फुगतं, कान मागं दडतात. आपण एकमेकांकडं इतक्या जवळून कधी बघतच नाही. बांधावरून बघतो, ओट्यावरून बघतो. मग तिनं त्याला सकाळच्या उन्हात त्याच्या ओट्यावर बसवलं आणि सहा-सात फूट लांबून पंचवीस-तीस फोटो काढले, समोरून, बाजूनं, हसताना, माझ्याशी बोलताना. शिवाय दोन दिवस नुसती समोर बसून बघत राहिली. म्हंजे बघा, यंत्रानं जसंच्या तसं उतरवलेलंही खरं असेलच असं नाही. कुठून बघितलं यावर ते आहे.

मग मी रोज संध्याकाळी तिच्या मागं जाऊन बसायला लागलो. दोन महिने ते काम चाललं होतं. एखादं पीक उभं राहताना बघावं तसं मी ते बघितलं.

दोस्त काळा आहे, आम्ही सगळेच आहोत. पण काळा हा एक रंग नसतो. तिनं त्याच्या कपाळाला पिवळसर झाक दिली, गाल आणि नाकाला तांबूस, हनुवटीला दाढीच्या खुंटांची राखाडी. कानाची पाळी मागच्या उन्हानं आतून लाल पेटल्यासारखी केली. मी म्हटलं, हे काय भलतंच? ती म्हणाली, काका, उद्या सकाळी बघा. बघितलं. उन्हाकडं पाठ करून बसलेल्या माणसाचा कान खरंच लाल दिसतो. त्याच्या बुबुळाभोवती तिनं राखेसारखं बारीक कडं काढलं. म्हाताऱ्यांच्या डोळ्यात ते येतं. पन्नास वर्षं मी त्याच्याशी डोळ्याला डोळा लावून बोललो, भांडलो, आणि ते कडं मला त्या पडद्यावर पहिल्यांदा दिसलं. दुसऱ्या दिवशी आरशात बघितलं तर मलाही आहे.

एक गोष्ट मात्र तिला दिसली नव्हती, ती मी सांगितली. आम्ही जेव्हा शेतात होतो तेव्हा त्याच्या कपाळावर एक आडवी रेघ होती. डोक्याला टॉवेल गुंडाळायचा, त्याच्या वर कातडी उजळ आणि खाली करपलेली. गावातल्या सगळ्या शेतकऱ्यांच्या कपाळावर ती असायची, मळवट भरल्यासारखी. आता त्याचं कपाळ एकसारखं आहे. अठरा वर्षं सावलीत गेल्यावर कातडी सगळं विसरते. तिनं विचारलं, काढू का ती रेघ? मी म्हटलं, आज नाही ना, मग कशाला. ती रेघ माझ्या कपाळावर आहे.

तिची एक खोड मला फार आवडली. मधेच ती सगळं चित्र उलटं करायची, म्हंजे डावं उजवीकडं. तसं केलं की चूक झटकन दिसते, म्हणाली. डोळ्याला सवय झालेली असते ती मोडते. मी बघितलं तर चेहरा पार वाकडा झालेला, तोंड एका अंगाला, एक खांदा पडलेला. भाताचे भारे वाहून त्याचा डावा खांदा उतरलाय हे मला माहीत होतं, पण आता तो उजवा होऊन बसला आणि दोस्त अनोळखी झाला. नेमका त्याच वेळी तो आला. उलट्या चित्राकडं बघून म्हणाला, "हां, आता मी झालो!"

पुतणी हसली. तिनं कुठंतरी वाचलं होतं ते सांगितलं. अमेरिकेत १९७७ साली काही मानसशास्त्रवाल्यांनी प्रयोग केला होता. काही मुलींचे फोटो घेतले, एक सरळ छापला, एक उलटा. त्या मुलींना स्वतःचा उलटा फोटो जास्त आवडला, कारण आरशात त्या तसंच बघत आल्या होत्या. त्यांच्या मैत्रिणींना मात्र सरळ जास्त आवडला. चेहरा तोच. पण आपण स्वतःला ज्या बाजूनं ओळखतो, त्या बाजूनं आपल्याला दुसरं कुणी कधी बघितलेलंच नसतं.

त्या दिवशी मला ती गंमत वाटली. पुढं जे झालं त्यात तीच गोष्ट आडवी आली.

आधी बोटाचं सांगतो. दोस्ताच्या डाव्या करंगळीचं वरचं पेर नाही. कापणीला डाव्या हातानं चूड धरायची आणि उजव्या हातानं विळा ओढायचा. एकदा विळा करंगळीत बसला, जखम चिघळली, पेर काढावं लागलं. तेव्हा आम्ही पंचविशीत होतो. पुतणीचं काम हळू चाललंय म्हणून त्याच्या पोरानं मधेच कुठल्यातरी ॲपात बापाचा फोटो घातला आणि मिनिटभरात चित्र काढून दाखवलं. झकपक होतं. दोस्त टेकून बसलेला, चेहऱ्यावर तेज, आणि डाव्या हाताला पाच अख्खी बोटं. यंत्रानं हजारो हात बघितलेले असणार, त्यात करंगळ्या पुऱ्याच असणार, म्हणून यालाही पुरी लावून दिली. दोस्तानं खूप वेळ त्या बोटाकडं बघितलं आणि पुतणीला म्हणाला, "तू बोट नको लावूस बाय. गेला त्या गेला."

मला बरं वाटलं. हा माणूस खऱ्याच्या बाजूचा आहे, असं मनात म्हटलं. आणि चार दिवसांनी तो काय म्हणाला?

"मना माझे शेतान उबा कर."

म्हंजे चित्रात पाठीमागं त्याचं शेत पाहिजे. ओटा नको, भिंत नको, इमारत तर नकोच. ३८ गुंठे, जसं होतं तसं.

पुतणीला यात अवघड काही नव्हतं. तिचं चित्र थराथरांचं असतं. एका थरावर चेहरा, एकावर सदरा, सगळ्यात खाली मागचा देखावा. प्रत्येक थरापुढं एक बारका डोळा काढलेला असतो. त्या डोळ्यावर पेन टेकवलं की तो थर दिसेनासा होतो, पुन्हा टेकवलं की येतो. पुसला जात नाही, नुसता दिसत नाही. तिनं इंटरनेटवरचं कुठलंतरी हिरवंगार भात मागं टाकून दाखवलं. टेकवलं, शेत आलं. टेकवलं, शेत गेलं. दोस्त ते बघत राहिला. आमचं शेत जायला तीन वर्षं कागदपत्रं चालली होती.

मी म्हटलं, हे चालणार नाही.

तो म्हणाला, का? मी म्हटलं, करंगळी लावून घेत नाहीस, कारण ती नाही. मग शेत कुठं आहे? करंगळी तर तुझ्याकडून विळ्यानं घेतली, शेत तू स्वतःच्या सहीनं दिलंस. हे चित्र तुझ्या हॉलमध्ये लागणार. तुझा नातू आठ वर्षांचा आहे, त्याचा जन्म त्या इमारती झाल्यानंतरचा. तो रोज बघणार की आजोबा शेतात उभे आहेत. उद्या तू नसशील तेव्हा तो म्हणेल, आमचे आजोबा शेवटपर्यंत शेतकरी होते. मग ज्यांनी खरंच शेवटपर्यंत केली त्यांना काय म्हणायचं? हे शेवटचं वाक्य जरा टोचून गेलं हे मला कळलं, पण मी ते मागं घेतलं नाही. माझ्या ११ गुंठ्यांचीही बाजू कुणीतरी मांडायला हवी.

तो चिडला. "तू रोज चालतंस त्यो रस्ता खरा, न मी रातचा चालतंय त्यो बांद खोटा?"

याला काय उत्तर द्यायचं? मलाही माहीत आहे तो रात्री चालतो ते. त्याची बायको माझ्या बायकोला सांगते. झोपेत तो बांधाला भोक पडलं म्हणून ओरडतो, पाणी चाललं, पाणी चाललं.

मी इतिहासाचा दाखला काढला. शाळेत असल्यापासून मला तो माहीत आहे. एके काळी शिवाजी महाराजांचं म्हणून जे चित्र छापलं जात होतं, ते कुणा इब्राहीमखान नावाच्या सरदाराचं होतं. लोक त्यालाच हार घालत होते, नमस्कार करत होते. वा. सी. बेंद्रे या संशोधकानं डच कागदांचा माग काढून महाराजांचं अस्सल चित्र शोधलं आणि १९३३ साली लोकांपुढं ठेवलं. नमस्कार खरा होता, पण चित्र दुसऱ्याचं होतं, आणि ते बदलावंच लागलं. भक्ती आहे म्हणून चूक चालवून घेतली नाही.

दोस्तानं दहावीनंतर पुस्तक हातात धरलेलं नाही, पण तो भजनी मंडळात आहे. मानपाडेश्वराच्या देवळात एकादशीला मृदंग त्याच्याकडं असतो. तो म्हणाला, आणि तुकाराम? डोळे मिटून तुकोबा आठव, कुणाचं तोंड येतं? मी डोळे मिटले नाहीत, कारण मला माहीत होतं. प्रभातच्या १९३६ सालच्या बोलपटात तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस. आधी नाटकात बायकांची कामं करणारा नट. तुकोबांना समोर बसवून कुणी चित्र काढलेलं नाही, पण पागनिसांचा चेहरा लोकांनी असा धरला की घरोघरच्या तसबिरींत तो जाऊन बसला. दोस्त म्हणाला, "यान फसवला कोन? न फसला कोन?"

खरं सांगायचं तर माझ्याकडं उत्तर तयार नव्हतं, ते मी नंतर शोधलं. पागनिसांचं तोंड म्हंजे तुकोबांचं तोंड, असा दावा कुणी केलेला नाही. सिनेमा सगळ्यांना माहीत आहे. महाराजांच्या चित्राखाली मात्र महाराजांचं नाव छापलेलं होतं. म्हंजे चित्र खोटं की खरं हे चित्रात ठरत नाही, चित्राखाली काय लिहिलंय आणि बघणाऱ्याला काय माहीत आहे यावर ठरतं. फ्लेक्सवाला पोरगा गोरं करतो तेव्हा खाली "आपला लाडका" अमुक असं लिहिलेलं असतं. तिथं माझा आक्षेप आहे.

पण हे इतकं सोपं करूनही माझं समाधान होत नव्हतं. कारण दोस्ताची खोटी बढाई मारायची इच्छा नव्हती, हे मला दिसत होतं. बढाई मारायची तर त्यानं पाठीमागं गाडी काढायला सांगितली असती. आमच्याकडं तशीही चित्रं आहेत. त्याला तो स्वतःला ज्या बाजूनं ओळखतो ती बाजू पाहिजे होती. मी त्याला दुसऱ्या बाजूनं ओळखतो: शेत विकून दिवसभर ओट्यावर बसणारा, पोराच्या ऑफिसात चहा प्यायला जाणारा, माझ्या बांधावर येऊन मला सल्ले देणारा. हुबेहूब चित्र म्हणाल तर माझ्याच बाजूचं. आरशातला तो, हे माझ्या डोळ्यांना वाकडं दिसणारच. पण म्हणून दोस्ताच्या घरात दोस्ताचं चित्र माझ्या डोळ्यांनी काढायचं? हा हक्क मला कुणी दिला?

पुण्याला बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी काढलेली बालगंधर्वांची दोन मोठी चित्रं आहेत. मी एकदा शेतकरी मेळाव्याला गेलो होतो तेव्हा बघितली. एकात ते पुरुषाच्या वेशात, दुसऱ्यात नाटकातल्या स्त्रीच्या. देऊसकरांनी एक निवडलं नाही. लोकांनी ज्या रूपावर जीव टाकला ते आणि घरी आरशात दिसायचं ते, दोन्ही लावून टाकली. मी दोस्ताला म्हटलं, तूही दोन काढून घे, एक ओट्यावरचं, एक शेतातलं. तो म्हणाला, हॉलला भिंत एकच आहे, दुसरीवर टीव्ही आहे.

भांडण थांबलं ते पुतणीमुळं. ती म्हणाली, काका, शेत काढायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण काढायचं तर तुमचंच काढीन, इंटरनेटवरचं नाही. मला फोटो द्या.

फोटो नव्हता. दोन्ही घरांतले अल्बम काढले. हळदी, साखरपुडे, बारशी, गणपती, शिर्डी. शेताचा एक फोटो नाही. रोज समोर असणाऱ्या वस्तूचा फोटो कोण काढतो? आमच्या बापांचाही एकेकच आहे, तोही कुठल्यातरी फॉर्मसाठी काढलेला. एका लग्नाच्या फोटोत वऱ्हाडाच्या मागं कोपऱ्यात थोडं हिरवं दिसत होतं, ते दुसऱ्याचंच निघालं.

मग आम्ही सांगायला बसलो आणि ती काढायला. हे सात-आठ दिवस मी विसरणार नाही. भिंत सरळ असते, पण बांध सरळ नसतो. कुठं तो वळतो, कुठं पाणी सोडायला फोडलेला असतो, कुठं खेकड्यांनी पोखरलेला. वरच्या खाचरातून खालच्यात पाणी कसं उतरायचं, ते तिला कळेना. दोस्तानं तिच्या डायनिंग टेबलावर वाट्या मांडून दाखवलं. लांबचं डोंगराचं टोक कुठं यायचं यावर एकमत झालं. हाजीमलंगचा डोंगर आमच्या मुलखात सगळ्यांच्याच पाठीमागं असतो. उंबराच्या झाडावर मात्र पेटलं. मी म्हणतो उंबर वरच्या बांधाला होता, जिथं आम्ही भाकरी खायचो. तो म्हणतो मधल्या. तीस वर्षं एकाच सावलीला बसलेल्या दोघांची ही गत.

पुतणीनं मोबाईलवर उपग्रहाची जुनी चित्रं काढली. वर्ष मागं मागं सरकवता येतं. इमारती गेल्या, मग खड्डा आला, मग मोकळी माती, आणि मग एकदम बांध दिसले. वरून, तळहातावरच्या रेषांसारखे. कुणी बोललं नाही. दोस्तानं बोट ठेवलं, ते अर्धं करंगळीचंच, आणि म्हणाला, "हां. योच." त्या चित्रात मधल्या बांधाजवळ एक काळा ठिपका आहे. तो म्हणतो तोच उंबर. मी म्हणतो ती भाताची उडवी आहे, सावली बघ केवढी बुटकी. ते अजून मिटलेलं नाही.

त्यानंतर दोस्तानंच एक गोष्ट सांगितली, ती मी सुचवली नव्हती. पुतणीनं विचारलं, भात कसं दाखवू, लावणीचं, पोटरीतलं, की पिकलेलं? कुणीही पिकलेलं म्हणाला असता. तो म्हणाला, कापलेलं. नुसती चिपाडं आणि मधून मधून पडलेली चूड. २००६ च्या शेवटच्या कापणीनंतर तो एकटा संध्याकाळी शेतात गेला होता. त्या साली त्यानं वाल टाकले नाहीत. त्या दिवशी तिथं तो किती वेळ उभा होता ते त्यानं सांगितलं नाही. मी तेव्हा माझ्या खळ्यावर झोडणी करत होतो, मला ते तेव्हा माहीत नव्हतं, अठरा वर्षं माहीत नव्हतं. पुतणीनं हिरवा थर बंद केला आणि तपकिरी, करड्या रंगानं सगळं शेत पुन्हा काढलं. हिरवं होतं तेव्हा ते कॅलेंडरचं वाटायचं. आता पायाला टोचेल असं वाटायला लागलं.

माझा आक्षेप अर्धा तिथं संपला. कापलेल्या शेतात उभा असलेला माणूस कुणाला फसवत नाही. अर्धा राहिला. चेहरा आजचा आहे आणि शेत २००६ चं. त्या संध्याकाळी तो अठ्ठेचाळीस वर्षांचा होता, केस काळे होते, कपाळावर टॉवेलाची रेघ होती, डोळ्यात राखेचं कडं नव्हतं. हा पासष्टीच्या पुढचा म्हातारा तिथं कधीच उभा राहिलेला नाही. मी हे बोलून दाखवलं. पुतणी म्हणाली, वय कमी करता येईल. दोस्त नको म्हणाला. तेव्हा उभा होता तो विकणारा होता, म्हणाला, आता बघणारा उभा कर. यावर मी गप्प बसलो, पण पटलं म्हणून नाही. मला अजून वाटतं की खाली कोपऱ्यात साल लिहायला हवं होतं, दोन सालं, शेताचं वेगळं आणि चेहऱ्याचं वेगळं. पुतणी म्हणाली, चित्रावर असं लिहीत नाहीत. सातबाऱ्यावर तर लिहितात.

छापून आणायलाही मी बरोबर गेलो. दोन बाय तीन फूट, कॅनव्हासवर. दुकानदारानं पडद्यावर बघून स्वतःहून विचारलं, थोडं उजळ करू का? आजोबा डार्क येतील. पुतणी त्याच्या शेजारी स्टूल घेऊन बसली आणि छापून होईपर्यंत उठली नाही.

आता ते हॉलमध्ये आहे. येणारा-जाणारा आधी बोटाकडं बघतो, मग शेताकडं. नातवानं पहिल्याच दिवशी विचारलं, आजा, हे कुठं आहे? दोस्तानं मला बोलावून घेतलं होतं, कदाचित मी ऐकावं म्हणून. तो पोराला घेऊन गॅलरीत गेला, समोरच्या इमारतींच्या खालच्या पार्किंगकडं हात केला आणि म्हणाला, तिथं, त्या पांढऱ्या गाडीच्या खाली. आणि विकला कोणी? पोरानं विचारलं. मी विकला, म्हणाला. पोरगा जरा वेळ गाडीकडं बघत राहिला, मग म्हणाला, पण उंबर कुठं होता? त्यावर आम्ही दोघं एकदमच बोलायला लागलो.

पुतणी आता माझ्या मागं लागलीय, काका तुमचंही काढू. तिला सांगितलंय, फोटोवरून नको, शेतात ये. जुलैत, लावणीच्या दिवशी. गुडघाभर चिखल असतो आणि पाऊस थांबत नाही, तुझी ती पाटी प्लास्टिकच्या पिशवीत घालून आण.